बिअर दुसऱ्या भांड्यात कधी काढायची: तारीख नको, रीडिंग बघा

सात दिवस झाले, एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) बुडबुडे थांबले, म्हणजे आता बिअर तळाच्या यीस्टच्या गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढायची. हा हिशोब नाशिकच्या हवेत हमखास चुकतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. तेव्हा सातव्या दिवशी यीस्टचं निम्मं कामसुद्धा झालेलं नसतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तेच काम तीन-चार दिवसांत उरकतं. बादली तीच, यीस्टची पुडी तीच, पण दिवस मोजून काहीच कळत नाही. कळतं ते हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीवर, आणि थोडंफार नाकाला.

कायद्याचं आधी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरी स्वतःपुरतं का असेना. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. पुढची सगळी मापं २० लिटरच्या बॅचची आहेत. परवानाधारक मायक्रोब्रुअरीची चाचणी बॅच असो किंवा घरी बिअर बनवायला मुभा असलेल्या देशात राहणारा कुणी असो, पद्धत तीच.

मुळात काढायची गरज आहे का?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबते तशी ती उतरते) १.०४० ते १.०६० असलेली साधी एल (कोमट तापमानाला आंबणारी बिअर) दोन-तीन आठवडे आहे त्याच भांड्यात गाळावर राहिली तरी बिघडत नाही. उलट यीस्ट आपणच तयार केलेले नकोसे वास परत शोषून घेतं, आणि त्यासाठी ते बिअरच्या सोबत असावं लागतं. बिअर आठवड्यात गाळावरून उचललीच पाहिजे, हा जुना सल्ला मेलेलं यीस्ट फुटण्याच्या भीतीतून आला. यीस्टच्या पेशी फुटल्या की सोया सॉससारखा, उकडलेल्या मांसासारखा, कधी रबरासारखा वास बिअरला लागतो. कारखान्याच्या उंच टाकीत ही भीती खरी आहे, कारण तिथे तळाच्या निमुळत्या भागात यीस्टचा जाड थर साचतो, वरून कित्येक मीटर बिअरचा दाब असतो आणि थराच्या पोटात उष्णता कोंडते. २० लिटरच्या बादलीत हा थर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. १८ ते २० अंश सेल्सिअसला महिनाभर तरी त्याची काळजी नको.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. खोलीच ३२-३४ अंशांवर असेल आणि गार ठेवायची सोय नसेल, तर यीस्ट लवकर थकतं आणि लवकर फुटतं. अशा वेळी ग्रॅव्हिटी स्थिर झाल्यावर आठवड्याच्या वर गाळावर ठेवू नका. पण म्हणून दुसऱ्या भांड्यातही काढू नका, सरळ बाटल्या भरा. गरम खोलीत बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात नेऊन तिचं भलं होत नाही.

कारण काढण्याची किंमत मोजावी लागते, ती ऑक्सिजनच्या रूपाने. पहिल्या भांड्यात बिअरच्या वर आंबताना निघालेला कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. नव्या भांड्यात असते हवा. आंबून झालेल्या बिअरमध्ये हवा मिसळली की तीन-चार आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, सोनेरी रंग तपकिरीकडे झुकतो आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) सुगंध सगळ्यात आधी जातो. त्यामुळे भरपूर हॉप्सची आयपीए दुसऱ्या भांड्यात काढणं म्हणजे महागाचे हॉप्स वाया घालवणं. सुके हॉप्स पहिल्याच भांड्यात टाका. गव्हाची बिअर गढूळच प्यायची असते, तिलाही काढायचं कारण नाही.

काढावी अशा जागा थोड्या आहेत. फळ घालायचं असेल, लॅगर (थंडीत आंबणारी बिअर) महिना-दोन महिने थंडीत मुरवायची असेल, १.०८० च्या वरची तगडी बिअर कित्येक महिने ठेवायची असेल, ओक लाकडाचे तुकडे घालायचे असतील, किंवा तळाचं यीस्ट ताजं असतानाच पुढच्या बॅचसाठी हवं असेल. यातलं एकही कारण नसेल तर हात लावू नका.

बुडबुडे काय सांगतात आणि काय नाही

एअरलॉक फक्त एवढंच सांगतो की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. बादलीचं झाकण एका जागी नीट बसलं नाही तर सगळा वायू तिथूनच जातो आणि जोरात आंबणाऱ्या बॅचमध्येही एक बुडबुडा दिसत नाही. उलटही होतं. फेब्रुवारीत सकाळी १४ अंश आणि दुपारी ३२ अंश अशी हवा असते, तेव्हा काम केव्हाच संपलेली बिअर दुपारी गरम होते, विरघळलेला वायू सोडते आणि एअरलॉक पुन्हा टपटपू लागतो. रात्री गार झाली की एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून त्यात नळाचं पाणी कधीच ठेवू नका. उकळून गार केलेलं पाणी किंवा व्होडका ठेवा.

फेसाचा थर खाली बसला, कडेला तपकिरी वलय राहिलं, बिअरचा वरचा भाग काळसर-स्वच्छ दिसू लागला, हे सगळं बरं लक्षण आहे. त्याचा अर्थ इतकाच की आता पहिलं रीडिंग घ्यायची वेळ झाली.

रीडिंग

मेडिकलमध्ये ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज मिळते. तिला सिलिकॉनची नळी जोडा, दोन्ही निर्जंतुक करा आणि शंभरेक मिलिलिटर नमुना काढा. तो दोन ग्लासांत दहा-बारा वेळा वरखाली ओता. ही पायरी गाळू नका. विरघळलेल्या वायूचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि रीडिंग दोन-तीन पॉइंट जास्त दिसतं. पॉइंट म्हणजे दशांशानंतरच्या तिसऱ्या जागेचा एक आकडा. मग नमुना उंच नळकांड्यात भरा, हायड्रोमीटर बोटाने हलकेच फिरवून सोडा आणि डोळा द्रवाच्या पातळीला आणून वक्राच्या खालच्या कडेवर आकडा वाचा. नमुना परत भांड्यात ओतू नका. चाखा, चव लक्षात ठेवा.

बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना बरोबर असतात. ३० अंशांचा नमुना विरळ असतो, म्हणून आकडा दोन-तीन पॉइंट कमी दिसतो, तेवढे मिळवून घ्या. नवं हायड्रोमीटर आणलं की आधी २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात तपासा. तिथे १.००० दिसलं नाही तर जेवढा फरक असेल तेवढा कायम धरायचा.

द्राक्षबागायतदाराच्या घरी ब्रिक्स (रसातल्या साखरेचा टक्का) बघायला रिफ्रॅक्टोमीटर असतोच, आणि साहजिकच हात त्याच्याकडे जातो. आंबायच्या आधी तो उत्तम चालतो: १.०५० म्हणजे जवळपास १२.४ ब्रिक्स. पण एकदा अल्कोहोल तयार झालं की प्रकाश जास्त वळतो आणि आकडा फसवतो. हीच बिअर १.०११ ला येऊन पूर्ण झाली तरी रिफ्रॅक्टोमीटर साडेसहा ब्रिक्सच्या आसपास दाखवतो. तो आकडा सरळ कोष्टकात बघितला तर १.०२६ वाटतं आणि माणूस बॅच अडकली समजून नसतं यीस्ट टाकत बसतो. बिअर कधी काढायची हे रिफ्रॅक्टोमीटरवर ठरवू नका.

आता कुठे थांबायचं हे कसं कळणार? यूएस-०५ यीस्ट साधारण ७८ ते ८२ टक्के साखर खातं, म्हणजे १.०५० वरून १.००९ ते १.०११ पर्यंत उतरतं. एस-०४ हे दुसरं एल यीस्ट बऱ्याचदा दोनेक पॉइंट वर थांबतं. पण माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६८-६९ अंशांना भिजवलं असेल तर न आंबणारी साखर जास्त निघते आणि तेच यीस्ट १.०१४ वर थांबेल. ६४-६५ अंशांना भिजवलं तर आणखी खाली जाईल. पुडीवरचा टक्का हा अंदाज झाला. नेमका आकडा हवा असेल तर बॅच लावतानाच एक सोपी चाचणी करा, आणि आमच्या मते ती प्रत्येक बॅचला करावी.

यीस्ट टाकल्यावर २५० मिलिलिटर वॉर्ट (माल्टचा न आंबलेला गोड रस) स्वच्छ बाटलीत वेगळा काढा. त्यात चिमूटभर, साधारण एक ग्रॅम, कोरडं यीस्ट वरून टाका. तोंडाला फॉइल सैल बांधा आणि बाटली २५ ते २८ अंशांना ठेवा. हिवाळ्यात फ्रीजच्या मागची किंवा वायफायच्या डब्यावरची जागा चालते. जाता-येता हलवत राहा. भरपूर यीस्ट आणि ऊब मिळाल्याने ही बाटली दोन-तीन दिवसांत तळाला पोचते. तिचं रीडिंग समजा १.०१० आलं, तर मोठ्या भांड्यालाही तिथेच, फार तर एक-दोन पॉइंट वर, यायचं आहे. चव या बाटलीची बघायची नसते, फक्त आकडा घ्यायचा.

मग मोठ्या भांड्याकडे वळा. चौथ्या दिवशी १.०१८, सातव्याला १.०१२, नवव्याला १.०११, बाराव्यालाही १.०११. काम बाराव्या दिवशी झालं. नवव्या दिवशीही ते झालं असेल, पण ते बाराव्यालाच कळतं. दोन रीडिंगमध्ये कमीत कमी दोन-तीन दिवस हवेत, आणि आकडा चाचणीच्या बाटलीजवळ हवा. यातली एकच अट पुरी झाली तर थांबा.

आकडा थांबला, पण वरच थांबला

नाशिकच्या हिवाळ्यात हे नेहमीचं आहे. १.०२० वर तीन दिवस काटा हलत नाही, चाचणीची बाटली मात्र १.०१० दाखवते. यीस्ट मेलेलं नसतं, गारठून तळाशी बसलेलं असतं. या वेळी बिअर दुसऱ्या भांड्यात काढणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण ज्या यीस्टने उरलेलं काम करायचं तेच तुम्ही मागे टाकून देता. भांडं खोलीच्या आतल्या भिंतीकडे घ्या, जमिनीवर नको, लाकडी पाटावर ठेवा, भोवती गोधडी गुंडाळा आणि तापमान २० ते २२ अंशांवर आणा. झाकण न उघडता भांडं हळूहळू गोल फिरवून तळचं यीस्ट उठवा, दिवसातून दोनदा. तीन दिवसांत आकडा उतरायला लागला तर ते झोपलेलं होतं. इतकं करूनही हलला नाही, तर ताजं यीस्ट थोड्या वॉर्टमध्ये जागं करून, त्याला फेस आल्यावरच घाला.

उन्हाळ्यात उलटं संकट. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत भांड्यातलं तापमान खोलीपेक्षा तीन-पाच अंश वर असतं. ३० च्या पुढे गेलं की डोकं दुखवणारी, घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं तयार होतात, आणि ती नंतर मुरवून जात नाहीत. माठ जसा गार राहतो त्याच तत्त्वावर भांडं पाण्याच्या टपात ठेवा, वरून ओलं गोणपाट पाण्यात टेकेल असं गुंडाळा आणि पंखा लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत याने चार-पाच अंश उतरतात. जुलैत हवा दमट असते, तेव्हा गोणपाट काही करत नाही. टपात बर्फाच्या बाटल्या टाकाव्या लागतात, सकाळ-संध्याकाळ बदलून.

नाकाची परीक्षा

आकडा स्थिर झाला तरी नमुन्याला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल तर यीस्टचं काम अपुरं आहे. दोन-तीन दिवस आणखी द्या. दुसरा वास लोण्याचा. हा फसवा आहे, कारण आज तो नसतो आणि बाटलीत भरल्यावर उगवतो: त्याचा कच्चा माल बिअरमध्ये बिनवासाचा पडून असतो आणि हळूहळू बदलतो. लॅगरसाठी ही परीक्षा नक्की करा. दोन ग्लासांत नमुना घ्या, दोन्हींवर फॉइल लावा. एक ग्लास ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, दुसरा बाहेर. मग गरम केलेला गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेल्याला लोणी किंवा दुधाच्या टॉफीचा वास आला तर बिअर गाळावरच राहू दे, १८ ते २० अंशांना दोन-तीन दिवस, आणि परीक्षा पुन्हा. दोन्हींचा वास सारखा आला की मगच काढा.

काढताना

भांडी बाजारात तांब्या-पितळेची सुंदर भांडी मिळतात, पण आंबलेली बिअर त्यात जाऊ देऊ नका. बिअर आम्लधर्मी असते, तांबं विरघळवते, आणि तांब्याचा अंशही तिला लवकर शिळी करतो. स्टेनलेस स्टीलचा ३०४ प्रतीचा कॅन किंवा काचेचा कार्बॉय (अरुंद मानेची मोठी बाटली) घ्या. प्लास्टिकच्या बादलीच्या भिंतीतून आठवडे-महिन्यांच्या मुक्कामात ऑक्सिजन झिरपतो, आणि पाण्याच्या जुन्या जारवर आतून ओरखडे असतात, तिथे जंतू लपतात. आकार सगळ्यात महत्त्वाचा. २० लिटरमधून गाळ सोडून साडेअठरा लिटर निघते, म्हणून भांडं १९ लिटरचं हवं, मानेपर्यंत भरेल असं. ३० लिटरच्या भांड्यात काढली तर वर साडेअकरा लिटर हवा राहते.

भांडं आणि नळी आधी धुवा, मग निर्जंतुक करा. मळावर जंतुनाशक काम करत नाही. स्टार सॅन (आम्लाचं जंतुनाशक) असेल तर लिटरला दीड मिलिलिटर, आरओच्या पाण्यात. बोअरच्या जड पाण्यात द्रावण पांढुरकं होतं आणि त्याचा पीएच तीनच्या वर गेला की ते निकामी. वाइनवाल्यांकडचं केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) इथे भरवशाचं नाही: साध्या पाण्यात ते मंद असतं, आम्ल घातल्याशिवाय चालत नाही.

पहिलं भांडं आदल्या दिवशीच टेबलावर ठेवा. काढायच्या वेळी उचललं तर गाळ ढवळतो आणि सगळी खटपट फुकट. साधारण ८० सेंटिमीटरची उंची पुरते. १० मिलिमीटर आतल्या व्यासाची, दोन मीटर सिलिकॉन नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून सायफन सुरू करा. पहिलं पाणी बाजूच्या पातेल्यात सोडा. तोंडाने ओढू नका, तोंडातले जंतू आंबट बिअरचं मूळ असतात. वरचं टोक गाळाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, खालचं टोक नव्या भांड्याच्या तळाशी आडवं वळवून. बिअर धारेने पडता कामा नये, तळातून गुपचूप चढली पाहिजे. नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर कुठल्यातरी जोडातून हवा ओढली जाते आहे, तो लगेच आवळा. शेवटचा लिटरभर सोडून द्या. तो वाचवायला भांडं कलंडवलं की गाळ येतो.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर नळी नव्या भांड्याच्या तळाशी सोडून मंद दाबाने आधी हवा बाहेर लोटा. वायूचं पांघरूण बिअरवर कायम टिकतं असं समजू नका, तो हवेत मिसळतो, म्हणून भरल्यावर लगेच एअरलॉक लावा.

फळ घालायचं असेल तर

इथे एक नियम उलटतो. फळासाठी बिअर शेवटच्या आकड्याच्या दोन-चार पॉइंट वर असतानाच काढा. यीस्ट अजून जागं असतं, सोबत आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि फळाच्या साखरेवर लगेच तुटून पडतं.

सुरगाण्याची स्ट्रॉबेरी असो की दिंडोरीची द्राक्षं, प्रमाण लिटरला १०० ते २०० ग्रॅम. द्राक्षांवर गंधकाची भुकटी राहिली तर बिअरला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून तीन पाण्यांनी धुवा. मग देठ काढून गोठवा. गोठवल्याने सालं फुटतात, पण सालीवरचे जंगली यीस्ट आणि जीवाणू मरत नाहीत. त्यासाठी गर ७० अंशांना दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि गार करून घाला. गरम केल्याने फळातलं चिकट पेक्टिन सुटून बिअर गढुळते, ते तोडणारं पेक्टिनेज एन्झाइम थोडं घातलं की निवळते. भांडं रुंद तोंडाचं घ्या आणि या एका वेळी पंधरा टक्के जागा रिकामी सोडा. सालं वर तरंगतात, अरुंद मानेत बूच बनतात आणि दाबाने झाकण उडतं. एअरलॉकऐवजी पाण्यात सोडलेली जाड नळी बरी.

दोन किलो द्राक्षांत सुमारे ३३० ग्रॅम साखर असते, म्हणजे २० लिटरला सहा पॉइंटची भर. ही साखर संपायच्या आत बाटल्या भरल्या तर धोका मोठा आहे. चार पॉइंट शिल्लक राहिले तरी बाटलीत जवळपास दोन व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या दुप्पट) जादा वायू तयार होतो, आणि वरून बाटलीत घालायच्या साखरेचा वायू वेगळा. अशा बाटल्या फुटतात, काच उडते. म्हणून दहा-चौदा दिवसांनी, फळ फिकट पडल्यावर, पुन्हा तीच दोन रीडिंग घ्या, या वेळी चार दिवसांच्या अंतराने.

काढल्यानंतर पहिल्या दिवशी एअरलॉक हलला तर तो ढवळल्याने सुटलेला वायू आहे, नवं आंबणं नाही. आठवड्याने वर पांढरी, सुरकुतलेली साय धरली तर जंतू शिरले आहेत, आणि ती साय काढून बिअर सुधारत नाही. दोन महिन्यांच्या वर मुरलेल्या बिअरमध्ये बाटली भरायच्या दिवशी एक-दोन ग्रॅम ताजं यीस्ट साखरेच्या पाकाबरोबर मिसळा, नाहीतर वरचं थकलेलं यीस्ट बाटलीत वायू धरायला महिना लावतं.